येते हं

७ नोव्हेंबर, मंगळवार

सुटले एकदाची! दोन दिवसांत सोळा भाषणं आणि प्रत्येकात तेच — कमी वेळात जास्त काम. ते ऐकण्यातच माझे दोन दिवस गेले. मार्चनंतर पहिल्यांदाच परिषदेला गेले होते. स्टेजकडे बघवेना. मार्चमध्ये मी तशाच एका स्टेजवर उभी होते, फोन बंद करून, आणि इकडे हॉस्पिटलात आई गेली. जायच्या आधी तिने मला व्हॉइस मेसेज पाठवला होता. सव्वा मिनिटाचा. अजून ऐकलेला नाही.

फुकटच्या पिशवीत एका नव्या ॲपचं कूपन निघालं. तुमचे मेसेज ऐकतं, त्यातली कामं शोधून कॅलेंडरवर टाकतं म्हणे.

८ नोव्हेंबर, बुधवार

ॲप टाकलं. मागितल्या तेवढ्या परवानग्या देऊन मोकळी झाले. लोकांना मात्र मीच बजावत असते, असं करू नका म्हणून! ऑफिसातल्या टेस्टिंगवालीने 'बघू उद्या' असा मेसेज केला, तर लगेच नोंद — 'उद्या, सकाळी दहा: बघणे.' पोट धरून हसलो. तिने बारसंही केलं त्याचं — सांगकाम्या.

९ नोव्हेंबर, गुरुवार

साडेचारला फोन वाजला. कॅलेंडरवर नोंद — 'आई येणार.'

चहा कीबोर्डवर सांडला.

१० नोव्हेंबर, शुक्रवार

उलगडा झाला. मेल्याने जुने सगळे मेसेज ऐकलेत. गुरुवारी शिवणाचा क्लास सुटला की साडेचारला आईचा मेसेज यायचा, आणि शेवट ठरलेला — 'येते हं.' फोनमधून कुठली येणार ती! पण 'जाते' म्हणायचं नाही, म्हणजे नाही. सांगकाम्याला एवढं कुठून कळावं. टेस्टिंगवालीला सांगितलं. मला वाटलं हसेल. हसली नाही.

नोंद पुसली. जेवून येते तो परत हजर. १६ तारखेला, २३ला, ३०ला — जिथवर पुढे जाईन तिथवर दर गुरुवारी. खाली बारीक अक्षरात — 'न ऐकलेला मेसेज: १.'

१३ नोव्हेंबर, सोमवार

ॲपच काढून टाकलं. नोंदी जागच्या जागी! पंधरा वर्षं प्रोग्रॅम लिहितेय, असं होत नाही हे मला ठाऊक आहे. त्यांच्या मदतकक्षाला लिहिलं. एका ओळीचं उत्तर आलं — भेट ज्या व्यक्तीने ठरवली आहे, तीच रद्द करू शकते.

१४ नोव्हेंबर, मंगळवार

दादाला फोन केला. ॲपचं त्याने मनावर घेतलंच नाही. मेसेजचं मात्र घेतलं. म्हणाला, "आठ महिने झाले. ऐकून टाक ना बाई एकदाचा."

म्हटलं, बघू. त्याला कसं सांगू? तो ऐकला की आई संपली. ऐकला नाही तोवर तिचं अजून काहीतरी बोलायचं राहिलंय. आणि रागावली असेल तर? रागावलीच असणार. ती तिथे एकटी, आणि मी शंभर माणसांना वेळ कसा वाचवायचा ते शिकवत होते. लाज वाटते. आजही वाटते.

१५ नोव्हेंबर, बुधवार

उद्या घरूनच काम करते म्हणून कळवलं. बैठकीची खोली आवरली. दोन कप काढले. एक परत आत ठेवला. मग पुन्हा काढला.

१६ नोव्हेंबर, गुरुवार

ऐकला. रागावलेली नव्हती. दम लागत होता तिला, तरी मला जेवलीस का विचारलं. मग म्हणाली, "मला आता काही येणं व्हायचं नाही गं. तूच ये." 'येते हं' नाही. नुसतं खट्, आणि बंद.

रडून घेतलं. मग कॅलेंडर उघडलं. 'आई येणार' गेलं — पुढच्या एकूण एक गुरुवारांवरून. सोमवारची मीटिंग, डिसेंबरमधला दातांचा डॉक्टर, दादाचा वाढदिवस, तेही गेलं. सगळं कोरं. आजच्या साडेचारला तेवढी एक नोंद आहे — 'आईकडे जाणे.'

चार पंचवीस झालेत. पायात चपला आहेत. कधी घातल्या, आठवत नाही.