खारीची ओळख

९ ऑगस्ट. संध्याकाळ
उरलेली अर्धी खारी रुमालात गुंडाळून खिशात टाकली आणि फोन उचलला. बायको, मृणालिनी. केबिन रोडवर भाजी घेतोय म्हणालो. मग भाजी घ्यावी लागली.

हे चोरून खाणं नाही. प्रयोग आहे. मला सीलिअ‍ॅक. डॉक्टर म्हणाले, गव्हातलं ग्लुटेन पोटात गेलं की शरीराचे पहारेकरी त्याला शत्रू समजतात आणि हाणामारीत माझ्याच आतड्याचं अस्तर फोडतात. गहू कायमचा बंद.

मी सोसायटीचा सेक्रेटरी. पहारेकरी मला कळतात. नवा वॉचमन जितेंद्र आधी माझ्या मेव्हण्यालाही गेटवर अडवायचा. रोज तोंड बघून आता सलाम ठोकतो. रोज थोडी खारी. सवय होईल.

१२ ऑगस्ट
मृणालिनीने घरातून गव्हाचं पीठ हद्दपार केलं. मला मोह नको म्हणून अनुष्कानेही चपाती सोडली. साखर-तुपाची गुंडाळी म्हणजे पोरीचा जीव. आता शाळेच्या डब्यात तांदळाची भाकरी. मैत्रिणी विचारतात म्हणे, बीमार तू है या तेरे पापा. हसत सांगत होती. मला भरून आलं. तिच्यासाठी तरी लवकर बरं व्हायला हवं. उद्यापासून पूर्ण खारी.

७ सप्टेंबर
पोट गप्प. ओळख पटतेय. मृणालिनी म्हणते, चेहरा पांढरा पडलाय. ट्यूबलाइट बदलली.

२ ऑक्टोबर
खारी बंद. प्रयोग यशस्वी झाल्यामुळे.

२ ऑक्टोबर. संध्याकाळ
बेकरीवाल्या रोशनने तब्येत विचारली. माणसाचं मन मोडवेना. दोन घेतल्या.

१८ डिसेंबर
पहिल्या मजल्यापर्यंत धाप. पायऱ्यांची उंची चुकलीय. बिल्डरला पत्र लिहिणार.

२० जानेवारी
उद्या रिपोर्ट. अँटीबॉडी उतरल्या की जेवणाच्या टेबलावर शोध जाहीर करणार. पहिली चपाती अनुष्काला.

२१ जानेवारी
अँटीबॉडी वाढल्यात. हिमोग्लोबिन आणखी खाली. डॉक्टरांनी घरात गहू येतो का विचारलं. मृणालिनी म्हणाली, हिंगातही मैदा असतो म्हणून हिंगसुद्धा बदललाय. मग स्वतःचीच चूक शोधायला लागली. जुनी चाळणी राहिली असेल. पोळपाट. तिचा आवाज बारीक होत गेला, तेव्हा मी प्रयोग सांगितला. वॉचमनसकट.

डॉक्टर म्हणाले, पोट गप्प असलं तरी आत मारामारी चालूच असते. "ओळख पटते हो. शत्रू म्हणून. आणि ते विसरत नाहीत."

मृणालिनीने रिपोर्टची घडी घालून पर्समध्ये टाकली. रिक्षात, सोबत आलेल्या अनुष्काने विचारलं, "ताजी असायची का, बाबा?"

कधी कधी, म्हणालो.

२२ जानेवारी. सकाळ
ओट्यावर दोन तवे. एकावर अनुष्काची चपाती. दुसरा, नवा, रिकामा. शेजारी परातीत तांदळाचं पीठ, कोरडं. माझी भाकरी मीच थापायची होती. पहिली उचलतानाच तुटली.