फुगा हलेना तेव्हा

ती. आत्या,

डाव्या हाताने साष्टांग नमस्कार. (उजवा बँडेजात आहे, म्हणून अक्षर असं. चावा मांजराचा आहे, आणि मांजर ठणठणीत आहे.) तुझे गुडघे कसे आहेत? जिने चढू नकोस असं डॉक्टरांनी सांगितलंय, म्हणजे तू चढत असणारच.

काल सकाळी आमच्या जनावरांच्या दवाखान्यात ऑपरेशन होतं. तिसऱ्या मजल्यावरून पडलेलं मांजर, मागचा पाय मोडलेला. त्याच्या मालकीणबाई, निवृत्त शिक्षिका, रिकामी टोपली मांडीवर घेऊन दाराबाहेर बसल्या होत्या. (मला वाटलं, आता पाढे विचारतात की काय.) हाड सांधायला आमचे सर, त्यांच्यासमोर वॉर्डातले कुत्रेसुद्धा दबक्या आवाजात भुंकतात. माझं काम एवढंच, की मांजर झोपलेलं ठेवायचं आणि श्वासाच्या नळीला जोडलेला फुगा हलतोय ना ते बघायचं. पाय नीट दिसावा म्हणून सरांनी मांजर जरा वळवलं, आणि फुगा हलेना.

ओठ उचलून पाहिला तर हिरड्या निळसर. ठोके मंदावत चाललेले. म्हटलं, "सर, थांबा." ते मान वर न करता म्हणाले, "एवढा स्क्रू होऊ दे." आत्या, त्या माणसाला आजवर कुणी दोनदा थांबा म्हटलेलं नाही. मी म्हटलं, "आत्ता थांबा." माझाच आवाज मला ओळखू येईना. मांजरावरचं कापड उचललं, तर मान वळल्याने नळी दुमडलेली. ती सरळ केली, फुगा दाबला, सोडला, पुन्हा दाबला. मांजर स्वतःहून काही श्वास घेईना. किती वेळा दाबला आठवत नाही, पण मग फुगा आपला आपण जरासा हलला.

शुद्धीवर येताना नळी काढली, तेव्हा मांजराने माझा अंगठा दातांत धरला. (उपकाराची फेड.) सरांनी स्वतः जखम धुतली. म्हणाले, "पदवीला का गेली नाहीस? शिफारस करतो, डॉक्टर हो." मी म्हटलं, "सर, तुम्ही पायाकडे बघत होता. मांजराकडे बघायला कुणीतरी लागतं." त्यांनी पट्टीला गाठ मारली. मग म्हणाले, "उद्या आठला ये."

तुझी भाची

ता. क. बाबांना मी पदवीलाच आहे असं वाटतंय. प्रवेश हुकला तेव्हा सांगायचा धीर झाला नाही, आणि तंत्रज्ञाच्या डिप्लोमाचं आता दुसरं वर्ष संपत आलंय. रविवारी ते कॉलेज बघायला येतायत. तू थोरली, तुझ्यापुढे ते बसून ऐकतात. शनिवारी सांगशील? चहा झाल्यावर सांग.

आणखी एक. दारावर लावायची पाटी त्यांनी रंगवून घेतलीये, असं आई म्हणाली. माझ्या नावाआधीचं 'डॉ.' तेवढं खरवडून निघतं का, रंगाऱ्याला विचारून ठेव.