पावडर पाठवणार नाही

इंद्रलोक, भाईंदर पूर्व

आईस सप्रेम जयभीम,

मी बरी आहे, जेवणखाण वेळेवर होतंय. दादाच्या बाळाला दात आले का? त्याच्यासाठी तू आमच्या कंपनीची अंड्याची पावडर मागितलीस, ती मी पाठवणार नाही. तुळसाबाईच्या कोंबड्यांची अंडी घ्या आणि नीट उकडून द्या.

झालं असं, की लॅबमध्ये मला एका मालात ताप-जुलाबाचे जंतू सापडले. साहेब म्हणाले, "गोडाऊनमध्ये पडू दे. कोरड्यात जंतू किती दिवस जगणार?" तू भोपळ्याचं बी राखेत घोळवून वर्षभर ठेवतेस ना, तसेच तेही राहतात. बरेच मरतात, पण उरलेले ओल मिळायची वाट बघतात. हे सांगितलं तर म्हणे, "मॅडम, टेन्शन मत लो."

दिवाळीनंतर साहेबांनी वरवरची चमचाभर पावडर परत तपासून घेतली. तेवढ्यात काही निघालं नाही, म्हणून अख्खा माल पास! मी सगळ्यांसमोर म्हटलं, "मग कालवा दुधात आणि प्या." साहेबांनी फोन कानाला लावला.

दुसऱ्या दिवसापासून मी पॅकिंगला आहे. काळजी करू नकोस, नोकरी गेलेली नाही. तुझा गुडघा कसा आहे? तेल लावतेस का?

पोरगी लॅबमध्ये आहे असं गावभर सांगतेस, ते आता बंद कर. दिवसभर मी त्याच मालाच्या पाकिटांवर लेबल चिकटवते. त्यावर लिहिलंय, 'प्रयोगशाळेत तपासलेले'.

तुझीच,
संघप्रिया