खूण दिसली की मारायचं

९ ऑक्टोबर १९७८
मैनेच्या घरात आठवडाभर फोडणी नाही! दाराला कडुलिंब. तिच्या वडिलांच्या, कोंडीरामकाकांच्या, अंगभर द्राक्षाएवढे फोड. तिच्या आई, येसूकाकू, म्हणतात, देवी आल्यात. बाहेरच्यानं आत यायचं नाही. म्हणजे मैना दिसणं बंद! कुंपणाशी जाऊन ओरडलो, "देवी देशातून कधीच गेली! डॉक्टरला दाखवा!"
आतून काका — "कालेज सोडलेल्यानं मला शिकवू नको रं!"
डोकं फिरलं. कुंपणाचा खांब उपटला. मैना बघत होती, म्हणून परत रोवला.

१४ ऑक्टोबर
फोड वाढले तेव्हा काका कर्जतला जायला तयार झाले. तिथल्या डॉक्टरांनी हात टेकले. मुंबईला न्यायचं. सोबत मी!! काकाच म्हणाले, "अर्धं कालेज केलंयस ना? डाक्टरचं अर्धं तरी कळंल."

१९ ऑक्टोबर
मुंबईच्या इस्पितळात काकांच्या कातडीचा तुकडा काढला. सूक्ष्मदर्शकाखाली त्यात हिरवी रेघ चमकली म्हणे. डॉक्टरीणबाईंनी समजावलं — कातडीचा वरचा थर खालच्याला घट्ट धरून असतो. रक्तात अँटीबॉडी असतात, त्यांचं काम परक्या जंतूवर खूण चिकटवणं. काकांच्या अँटीबॉडी चुकल्या. खूण लावली आपल्याच कातडीच्या जोडावर! हिरवी रेघ ती हीच. त्या स्वतः फारसं मारत नाहीत, बोट दाखवतात. मग रक्तातलंच कॉम्प्लिमेंट नावाचं टोळकं खवळतं. एक दुसऱ्याला उठवतो, दुसरा तिसऱ्याला, पांढऱ्या पेशींना हाका जातात, आणि सगळे त्या जोडावर तुटून पडतात. थर सुटतो, मधे पाणी भरतं — फोड.
मी विचारलं, "कोणाला मारतोय ते बघत नाहीत?"
"नाही. खूण दिसली की मारायचं."
काय मूर्ख जात!
काका म्हणाले, "म्हंजे देवी नाय. घरचीच हायत."
टोळकं शांत करायच्या गोळ्या दिल्यात.

२ नोव्हेंबर
फोड सुकले. त्यांच्या घरातून लसणीच्या फोडणीचा वास! मैना विहिरीवर भेटली. "आपलं आईच्या कानावर घातलंय. आता थोडे दिवस कोणाशी भांडू नको रं, पदू." मी शपथ घेतली.

५ नोव्हेंबर
माझा दोस्त नामा धापा टाकत आला. "पदू, खालापूरचा पाव्हणा! कडक टोपी, नवी छत्री. मैनेकडं चहा पिऊन निघालाय. स्थळ घेऊनच आला असंल!"
पुढचं ऐकलंच नाही. पाव्हणा आमच्याच आळीत सापडला. हसून काही विचारत होता, बोलूच दिलं नाही. उकिरड्यात ढकलला! छत्रीचे दोन तुकडे! फार बरं वाटलं.

६ नोव्हेंबर
तो मैनेचा मामा. आमचं घर विचारत होता. मला बघायला आला होता.

७ नोव्हेंबर
मैनेचा निरोप आला. काकांनी मामाला सांगितलंय — "पोरगं आपलंच हाय. खूण दुसऱ्यानं लावली, खवळला हा. माझ्यातली अर्धी गोळी त्याला देतो. मग पुन्यांदा या बघायला."