बाईसाहेब भिंत सोडत नाहीत

ता. ९ फेब्रुवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

फोन केला की तू ‘मी बरी आहे’ एवढंच ओरडतेस आणि ठेवून देतेस, म्हणून पत्र. इथे तुला मध्येच ठेवून देता येणार नाही.

एवढी शिकून मी दिवसभर करते तरी काय, असं तू बाबांना विचारलंस म्हणे. ऐक तर. मी उंदरांना फिरायला पाठवते. टेबलाएवढी एक पांढरी पेटी आहे, चार भिंती, वर झाकण नाही. त्यात उंदीर सोडायचा आणि वरच्या कॅमेऱ्यातून बघायचं की तो कुठे कुठे जातो, काय काय हुंगतो. बहुतेक सगळे भिंतीला अंग घासत फिरतात. मधल्या मोकळ्या जागेत जायला छाती लागते.

ही छाती कुठून येते, हाच माझा विषय. मेंदूत धोक्याची वर्दी देणारं एक हार्मोन असतं. त्याची गंमत अशी की ते वाढलं तर उंदीर स्वतःच्या पिंजऱ्यात भलताच कामसू होतो. भुसा उकर, कोपरे हुंग, तोंड धू, क्षणभर बसायचं नाव नाही. तोच उंदीर नव्या जागी ठेवला की भिंतीला चिकटून थिजतो. म्हणजे घरात वाघ आणि बाहेर अगदी गरीब गाय. या हार्मोनला अडवणारं औषध आम्ही अर्ध्या उंदरांना देतो, उरलेल्यांना नुसतं मिठाचं पाणी. कुणाला काय दिलं ते फक्त आमच्या सरांना ठाऊक. मला सांगत नाहीत, कारण मला जे दिसावंसं वाटतं तेच मी बघेन अशी त्यांना भीती.

त्यात माझी एक लाडकी आहे. तिला मी बाईसाहेब म्हणते. पिंजऱ्यात दिवसभर आवराआवर आणि पेटीत ठेवली की पाठ भिंतीला, मिशा थरथर. मी कुणाचं नाव घेत नाहीये हं. पण मागच्या सुट्टीत आले तेव्हा एका बाईने एकच कपाट तीनदा रिकामं करून पुन्हा लावलं होतं, आणि कोपऱ्यावरच्या दुकानातून दूध मात्र शेजारणीकडून मागवलं होतं.

आता खरं काम. बाबांचा मोतीबिंदू पिकलाय. डॉक्टर म्हणतात, आणखी थांबू नका. बाबांचं म्हणणं, माझ्या बहिणीने नेलं तर जाईन, नाहीतर आहे तेच बरं. तूच त्यांच्या डोक्यात काही घाल.

उंदरांवरून चिडवलं म्हणून माया आटवू नकोस.

तुझी,
भाची

*

ता. १७ फेब्रुवारी

चि. भोचकभवानीस,
अ. आ.

पत्र पोचलं. एवढी शिकून उंदरांचा पाठलाग करतेस हे मी शेजारणीला सांगितलं नाही. ती तुला डॉक्टर समजते, तिचा भ्रम तसाच राहू दे.

कपाट तीनदा नव्हे, दोनदाच काढलं होतं. तिसऱ्यांदा तुझी बॅग शोधत होते, कारण तू ती न्हाणीघरात टाकली होतीस. आणि मी घाबरत नाही. मला बाहेर काम नाही, एवढंच. अर्ध्या गावाला गाडी चालवायला मी शिकवलं. पोस्टमन, दंतवैद्य, ती जाडजूड बँकवाली, सगळे माझ्या हाताखालून गेले. आता ते चालवतात, मी बसते. यात बिघडलं काय?

बरं, तू विचारणारच म्हणून सांगते. तो ट्रक गाडीवर आदळला तेव्हा आम्ही सिग्नलला उभे होतो. शिकाऊ मुलीची काहीच चूक नव्हती, माझीही नव्हती. गळ्याजवळचं हाड सांधलं, गाडीचा पत्रा सरळ झाला. पण त्यानंतर फाटकाच्या कडीला हात लावते आणि तशीच मागे फिरते. गाडी मी रोज पुसते, अधूनमधून शेडमध्येच सुरूही करते. इंजिन छान बोलतं. मग बंद करते आणि आत येऊन डबे घासते. हस आता.

तुझा बाप, आमचा दादा, परवा आला होता. चहा ओतताना कपाच्या बाजूला ओतला आणि मी बघितलं नाही असं समजून बाहीने टेबल पुसलं. एका गिऱ्हाइकाचं घड्याळ बरोबर आणलं होतं, बोलता बोलता उघडलं. त्यातला स्क्रू खाली पडला. आम्ही दोघं म्हातारे गुडघ्यांवर बसून फरशी चाचपत होतो. शेवटी मला सापडला. तो माझ्या तळहातावर होता तरी त्याला दिसेना. जन्मभर ज्याने केसाएवढ्या स्प्रिंगा बसवल्या त्याला.  घड्याळ रुमालात गुंडाळून घेऊन गेला.

मी म्हटलं होतं त्याला, टॅक्सीने जा. म्हणाला, टॅक्सीवाला माझा हात धरून बसेल का?

तुझ्या सरांकडून त्या औषधाचे दोन थेंब पाठव. थट्टा करते आहे. पण खरंच, माणसांसाठी मिळतं का ते?

जेवतेस ना वेळेवर? उंदरांना मोजूनमापून खायला घालतेस, स्वतःकडेही बघ.

या घराचा जीव तुझ्यात आहे, विसरू नकोस.

तुझी,
आत्या

*

ता. २६ फेब्रुवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा हसले. दुसऱ्यांदा नाही.

औषधाचं आधी सांगते. ते आमच्या प्रयोगापुरतंच आहे. माणसांना तसली औषधं देऊन पाहिली आहेत, पण अजून काही धड हाती लागलेलं नाही. माणसाचं डोकं उंदरापेक्षा गुंतागुंतीचं, आणि आपल्या घराण्यातलं तर विचारूच नकोस.

आता बातमी. बाईसाहेबांनी भिंत सोडली! पेटीत ठेवल्यावर आधी नेहमीसारख्या कडेने फिरल्या. मग थांबल्या, मान लांब केली, एक पाऊल टाकलं, परत भिंतीला. पुन्हा एक पाऊल. असं करत करत मधोमध गेल्या, मागच्या पायांवर उभ्या राहिल्या आणि चक्क तोंड धुवायला बसल्या. मी प्रयोगशाळेभर नाचत सांगितलं की औषध लागू पडलं.

काल सरांनी यादी उघडली. एकूण निकाल चांगला आहे. औषध मिळालेले उंदीर खरोखरच जास्त हिंडले. पण बाईसाहेबांना मिळालं होतं मिठाचं पाणी. माझा चेहरा बघून सर म्हणाले, बरं झालं तुला सांगितलं नव्हतं.

मग ती गेली कशी, असं मी विचारलं. ते म्हणाले, एका उंदरावरून काही सिद्ध होत नाही. मी पिच्छा सोडेना, तेव्हा म्हणाले की तू तिला रोज पेटीत सोडण्याआधी हातावर घेऊन बसायचीस, कदाचित ओळखीच्या हातामुळे आतली वर्दी थोडी मंदावली असेल. कदाचित. मी शोधनिबंधात हे लिहिणार नाही, फक्त तुला लिहिते.

बाबांना हॉस्पिटलने येत्या गुरुवारची तारीख दिली आहे. उंदरांची नवी तुकडी आली आहे, मला हलता येत नाही, त्याने जीव तुटतो. तू टॅक्सी करून दे. ते कुरकुरतील, पण जातील. तू जमवलंच पाहिजेस असं मी म्हणत नाही. चिडवलं ते चिडवलं, तुझ्यावर ओझं टाकायचं नव्हतं.

माझा आगाऊपणा पोटात घाल आणि मला तुझीच म्हण.

तुझी,
भाची

*

ता. ६ मार्च

चि. भोचकभवानीस,
अ. आ.

तुझ्या बापाचं ऑपरेशन झालं. उत्तम झालं. मी नेलं त्याला. टॅक्सीने नव्हे.

यात तुझ्या उंदरीचा काडीचाही संबंध नाही. दादा सकाळीच येऊन शेडमध्ये गाडीत जाऊन बसला आणि पट्टा लावून घेतला. काढ म्हटलं तर म्हणाला, मला पट्ट्याचं बटण दिसत नाही. आता अशा माणसाचं काय करायचं?

गल्ली संपेपर्यंत माझे तळवे इतके घामेजले की स्टिअरिंग निसटत होतं. पुढे ठीक चाललं होतं. आणि मोठ्या चौकात, बरोबर मधोमध, या शहाण्याने ब्रेक दाबला! आमच्या शिकवणीच्या गाडीत शेजारच्या सीटसमोरही ब्रेक असतो ना, शिकवणाऱ्यासाठी. त्यावर याचा पाय. गाडी बंद. मागून हॉर्नचा नुसता कल्लोळ. असा संताप आला की बास. एवढ्या वर्षांत एकाही शिकाऊ पोराला बोलले नाही ते त्याला बोलले. पाय मांडी घालून वर घ्यायला लावले. गाडी सुरू केली आणि थेट हॉस्पिटलच्या दारात लावली, तीही एका झटक्यात, दोन गाड्यांच्या मध्ये.

तुझ्या सरांना सांग, राग हेही एक औषध आहे. त्याचं हार्मोन शोधा.

दादाला दोन ओळी खरडायच्या आहेत म्हणे. डोळ्याला पट्टी आहे, लिहू नको म्हटलं तर ऐकत नाही. त्याचा कागद वेगळ्या पाकिटातून येईल. मला वाचू देत नाही.

अशीच खोड्या काढत राहा, मला त्याची सवय झाली आहे.

तुझी,
आत्या

*

ता. ६ मार्च

चि. लेकीस,
अनेक आशीर्वाद.

अक्षर तिरकं येईल, चालवून घे. एकाच डोळ्याने आणि तिच्या नजरेआड लिहितो आहे.

तिने ब्रेकची गोष्ट कळवली असेलच. मी ब्रेक दाबला नव्हता. ट्रक समोरून गेला, साधाच, आपल्या वाटेने. आणि गाडी थांबली. तिने थांबवली, पण ते तिला कळलंही नाही. दोन्ही हात स्टिअरिंगवर, डोळे समोर, आणि श्वासच घेईना. मागून हॉर्न. मी तिच्या हातावर हात ठेवला, तर बर्फ.  धीर दिला असता तर तिथेच रडली असती आणि आम्ही दोघं अजून त्या चौकात असतो. म्हणून म्हटलं, अगं, माझाच पाय पडला वाटतं ब्रेकवर.

मग जे तोंड सुटलं तिचं! मला साठ वर्षांत एवढं कुणी झापलं नसेल. पण झापता झापता तिने किल्ली फिरवली, आरसा बघितला, खांदे मागे घेतले. माझी बहीण परत आली. तिला हे कधी सांगू नकोस.

परतीची गोष्ट मात्र तिने लिहिली नसणार. हॉस्पिटलच्या फाटकातून घराकडे उजवीकडे वळायचं. तिने डावीकडे घेतली. मी विचारलं, कुठे? म्हणाली, इतकी वर्षं इथे गाडी शिकवली, पण हा रस्ता पुढे कुठे जातो ते कधी बघितलंच नाही. मी म्हटलं, मला पट्टी आहे, दुसऱ्या डोळ्यानेही धुकंच, माझा काय उपयोग? ती म्हणाली, तू गप्प बस, मी सांगते.

आणि सांगत गेली. विटांचा कारखाना आहे. आता एक शाळा, सुटली आहे. हा पूल किती अरुंद, बघ. अरे, इथे नदी आहे, दादा, आपल्याला माहीतच नव्हतं. मी पट्टीआडून हं हं करत होतो. रस्ता एका शेतात संपला. तिने गाडी बंद केली, काचा खाली घेतल्या, आणि आम्ही बराच वेळ तिथे काही न करता बसलो.

उद्या पट्टी काढायची आहे. तिने विचारलं, येताना पुलाच्या पलीकडचा फाटा घेऊ या का.

तू तब्येत सांभाळ. आमची काळजी थोडी कमी केलीस तरी चालेल, आठवण मात्र कमी करू नकोस.

तुझे,
बाबा