मानेवरचं सूत

१३ एप्रिल

सोंगक्रान. नववर्षाच्या रीतीप्रमाणे सुदाने सकाळी माझ्या हातांवर मोगऱ्याचं पाणी ओतलं. मग टाळी वाजवून हसली — "बर्फाचं होतं बाबा! दचकलात पण नाही!" मला तर कोमट वाटलं. उन्हात राहिलं असेल.

आशीर्वाद दिला — सुखी राहा, जीभ आवर. ती म्हणाली, "जीभ तुमच्याकडूनच आलीय."

लमदुआनशिवायचा तिसरा सोंगक्रान. पाणी ओतून घ्यायला आता मी एकटाच बसतो. बाजूची आईची चटई सुदा अजून अंथरते. तिला सांगायला पाहिजे, नको अंथरूस.

१९ एप्रिल

बँकॉकच्या कुत्र्यांच्या प्रदर्शनात फायलिनचं नाव घातलं!

आमच्या इकडची ही खोगीरपाठी कुत्री — पाठीवर खोगिरासारखा उलट्या केसांचा पट्टा. पूर्वी घरटी एक असायचं. आता शोधावं लागतं. त्यात फायलिनसारखा नीलमणी रंग म्हणजे विचारूच नका. लमदुआनने लग्नात वडिलांकडून एक कुत्री आणली होती, दागिन्यांचा हट्ट न धरता! त्या रक्तातली निर्दोष अशी आता ही एकटीच.

परीक्षकाने पास केली की वंशावळीत नाव लागेल. मग हीच कुत्री पाळणाऱ्या मानोपच्या नराशी जोडी. नाही केली तर लमदुआनच्या माहेरचं सगळं इथेच संपलं.

मानोप आला होता. "काका, पहिली मादी माझी हं! आणि पिल्लांवर बोटं तुम्हीच फिरवायची. सोन्यात मढवून ठेवा ती बोटं."

चढवतो झाडावर. पण बरं वाटतं, खोटं कशाला बोलू?

२ मे

मानोपकडे पाच पिल्लं तपासली. पाचही स्वच्छ.

या जातीला शाप आहे. काही पिल्लांच्या मानेवर कातडीखाली सूत असतं — सुताएवढी बारीक नळी, थेट कण्यापर्यंत जाणारी. दिसत काहीच नाही. मोठेपणी त्यात पू होतो आणि कुत्रं हाल होऊन मरतं. वाचलंच तरी पिल्लांत उतरतं. म्हणून लहानपणीच मानेची कातडी चिमटीत उचलायची, डोळे मिटायचे, बोटं फिरवायची. पंचक्रोशीत तीस वर्षं हे काम माझंच. सूत लागलं की पिल्लू विहारात. भन्ते सांभाळतात, जगेल तितकं जगेल.

फायलिनच्या बहिणीला लागलं होतं. तेव्हा लमदुआनला जाऊन तीनच महिने झालेले. टोपलीत घालून विहारात सोडून आलो, मागे वळून बघितलं नाही.

पूर्वी लमदुआन बरोबर यायची. एका बाजूला बसून मानोपच्या आईशी गप्पा. आणि निघताना हटकून छत्री विसरायची! दुसऱ्या दिवशी सकाळी सायकल काढायची, छत्री आणायला. दर वेळी! मी किती चिडवायचो — तुझं डोकं तरी घरी आणतेस का आठवणीने?

११ मे

बागेत काटेरी दुरियान फळांची तोडणी सुरू. दुपारी सुदा ओरडली, "बाबा, रक्त!" बघतो तर बोटात काटा मोडलेला, चांगला पेरभर आत. सदऱ्याला रक्त लागलेलं. "दुखलं नाही?" म्हटलं, कामात होतो. "काम कसलं, टोपलीवर बसून होतात!" साखर तपासून घ्या म्हणून मागे लागलीय. घेईन. तोडणी होऊ दे.

२० मे

सुदा फायलिनला अंघोळ घालत होती. म्हणाली, "बाबा, इथे मानेत काहीतरी लागतंय. दोऱ्यासारखं."

मी चाचपलं. काही नाही. पुन्हा चाचपलं. काही नाही! माझा हात धरून म्हणते कशी, "इथे बघा ना, इथे." फार राग आला. म्हटलं, तीस वर्षं हेच केलं मी, आता तू शिकवणार? फायलिन साबणाच्या फेसात उभी राहून आमच्या तोंडाकडे बघत होती.

सुदा जेवायला बसली नाही. माझा भात झाकून निघून गेली.

२१ मे

पुन्हा बघितलं. काही नाही.

५ जून

बँकॉक. मोठ्या मॉलमध्ये, गारेगार. फायलिन थरथरत होती. शेजारी बर्फातल्या देशाची झुबकेदार कुत्री आरामात पसरलेली, वर त्यांना पंखे! एक बाई फायलिनकडे बघून म्हणाल्या, "किती गोड! कुठल्या देशाची?" सुदा म्हणाली, "चंताबुरीची. बसने आलीय." दोन आठवड्यांनी पहिल्यांदा आम्ही दोघं एकत्र हसलो.

आमच्या जातीची सगळी मिळून तीन कुत्री. फायलिन चालली मात्र राणीसारखी. परीक्षक खूश दिसला. दात बघितले, पट्ट्यावरून हात फिरवला. मग मान. तिथे त्याचा हात थांबला. परत मागे गेला. परत थांबला.

त्याने डॉक्टरला बोलावलं. डॉक्टरनेही बोटं फिरवली आणि मान हलवली. "काका, सूत आहे. सहज लागतंय. घरी कोणी बघितलं नव्हतं का?"

घरी कोणी बघितलं नव्हतं का!

मी भांडलो. सगळ्यांसमोर. तुम्हाला या कुत्र्यातलं काय कळतं, म्हणालो. सुदाने दंड धरून बाहेर नेलं.

६ जून

सुदा अजून म्हणालेली नाही, "मी सांगितलं होतं." म्हणाली असती तर बरं झालं असतं.

१८ जून

प्रवासाहून आल्यापासून मान सुजली होती. मग ताप. मागचे पाय लुळे पडले. डॉक्टरांनी उघडून बघितलं. म्हणाले, पू कण्यापर्यंत गेलाय, उशीर झाला.

आज सकाळी फायलिन गेली. डोकं सुदाच्या मांडीवर होतं, नजर माझ्याकडे. मँगोस्टीनच्या झाडाखाली पुरली. खड्डा मीच खणला. तळहाताला फोड आले ते सुदाने दाखवले तेव्हा कळले.

२४ जून

सुदाने धरून दवाखान्यात नेलं. डॉक्टरीण तिच्याच वयाची. म्हणाली, "आजोबा, डोळे मिटा. बोटाला काही लागलं की सांगा."

मी वाट बघत बसलो. मग म्हटलं, सुरू करा की. ती म्हणाली, "झालं, आजोबा."

साखर. बोटांतली संवेदना गेलीय, परत यायची नाही. म्हणाली, हे आजकालचं नाही, सात-आठ वर्षं तरी झाली असतील.

कसं शक्य आहे? सात-आठ वर्षं? फायलिनपर्यंत माझ्या हातून एकही पिल्लू चुकलेलं नाही. एकही! वाटेल त्याला विचारा.

२९ जून

मनात आलं ते आलंच — बहिणीच्या बाबतीतही बोटं चुकली असतील तर? सुदाला घेऊन विहारात गेलो. फायलिनची बहीण पायऱ्यांवर पडली होती. तोच रंग, तीच पाठ. तिला वास आला असावा घरचा, उठून जवळ आली. भन्ते म्हणाले, "हिचं नाव बुन. पुण्य. आजारी पडेल म्हणून सोडली होतीत ना? दोन वर्षांत साधी शिंकली नाही."

सुदाने बोटं फिरवली. मग डॉक्टरांकडून खात्री करून घेतली. सूत नाही.

म्हणजे लमदुआनच्या कुत्रीच्या रक्तातली एक तरी आहे! मी भन्तेंना म्हटलं, हिला घरी न्यायची, मानोपच्या नराशी जोडी लावायची, तुमच्या पाया पडतो. ते म्हणाले, "न्या, खुशाल न्या. पण गेल्या वर्षी शिबिरवाले आले होते. विहारातल्या सगळ्या माद्यांची नसबंदी करून गेले."

बुनला घेऊन आलो. सुदाने फायलिनची चटई टाकली, ती त्यावर बसली नाही.

लमदुआन, मी निरोगी होती ती टाकून दिली आणि दुखणं जपलं.

२ जुलै

मानोपला सांगायला पाहिजे. त्याची पाच पिल्लं मीच स्वच्छ म्हणून सांगितलीत. तीन दिवस चप्पल घालतो आणि काढून ठेवतो.

३ जुलै

सांगितलं. मानोप, माझी बोटं मेलीत. सगळी पिल्लं डॉक्टरला दाखव.

तो म्हणाला, "दाखवलीत, काका. काकू गेल्यापासून दाखवतोच. काकू होत्या तेव्हा गरज नव्हती. तुम्ही तपासून गेलात की दुसऱ्या दिवशी छत्रीच्या निमित्ताने यायच्या आणि एकेक पिल्लू पुन्हा बघायच्या. कधी तुमचा निकाल बदलायच्या. म्हणायच्या, यांना कळू देऊ नका, दुसरं काही राहिलं नाही त्यांच्याकडे."

शेवटची छत्री अजून त्यांच्या दारामागे होती. घेऊन आलो.