टेपचं दुसरं टोक

३ फेब्रुवारी

चि. घुम्यास, अक्काचे अनेक उत्तम आशीर्वाद.

फोनवर तू सगळं ठीक म्हणतोस आणि ठेवून देतोस. पत्र मध्येच ठेवून देता येत नाही, म्हणून हा खटाटोप.

तुझी बायको जाऊन चौदा महिने झाले. लहानपणीही तू घुम्याच होतास, पण माझ्याशी भांडायचास तरी. आता तेही नाही. परवा न राहवून तू कामाला आहेस त्या दातांच्या डॉक्टरीणबाईंना फोन केला. रागावू नकोस. त्या म्हणाल्या, नऊच्या आत येतात, तळघरात उतरतात, दुपारी डबा उघडत नाहीत. कवळ्या मात्र अजूनही अशा करतात की लावणाऱ्यालाच आपले दात वाटावेत. पट्ट्याला नवी दोन भोकं पाडलीत, हेही त्यांनीच सांगितलं.

माझे गुडघे कुरकुरतात, नाहीतर दारात येऊन उभी राहिले असते. चार ओळी खरड. एवढा हट्ट थोरल्या बहिणीने करायचा नाही तर कुणी?

तुझी अक्का

११ फेब्रुवारी

ती. अक्कास, सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. मी ठीक आहे. या महिन्यात अकरा कवळ्या द्यायच्यात, त्यामुळे सवड नाही. जेवण होतं. गुडघ्यांना जप. काळजी नसावी, लोभ असावा.

तुझा भाऊ

१७ फेब्रुवारी

चि. घुम्यास आशीर्वाद.

जेवण होतं म्हणजे काय रे? तू जेवतोस, की ते आपलं आपण होतं?

थट्टा राहू दे. तुझे भाऊजी गेले तेव्हा माझ्याजवळ बायका येऊन बसल्या. त्यांनी मला बोलतं केलं, रडवलं, दोन घास भरवले. तुझ्याकडे आलेले पुरुष मी पाहिलेत. दारात चपला न काढता उभे राहिले, हवापाण्याचं बोलले, खांद्यावर थोपटून निघून गेले. आणि मी, सख्खी बहीण, तुला काय म्हणाले? घट्ट राहा. तू राहिलास. चुकलंच माझं.

खरं काय ते लिही. मी घाबरणार नाही. घाबरले तरी तुला दिसणार नाही.

तुझ्यावर माया आहे, ती गृहीत धर.

अक्का

२ मार्च

ती. अक्कास सा. न.

हे पत्र तीनदा फाडलं. आता एकदम लिहून टाकतो.

तळघरात दिवसभर घासायचं मशीन घरघरतं, त्या आवाजात दिवस निघून जातो. माझं बोलणं म्हणजे बाईंना वरची कवळी झाली, खालची उद्या देतो, एवढंच. रविवारी मशीन नसतं. घरात बसलो की आपण आहोत की नाही, हेच कळेनासं होतं.

जानेवारीतल्या एका रविवारी मी शहरामागच्या टेकडीवर गेलो. फिरायला नाही. परत यायचं नाही, असं ठरवून गेलो होतो. याहून जास्त मला लिहवत नाही.

वर झाडीत खाकी कपड्यातला एक माणूस एका जाड बुंध्याला टेप लावायची खटपट करत होता. जंगलखात्याचा गार्ड. त्याचे हात पुरत नव्हते. मला पाहून ओरडला, जरा हे टोक धरा. मी धरलं. म्हणाला, छातीइतक्या उंचीवर धरा. धरलं. त्याने आकडा लिहिला, बुंध्याला पिवळा ठिपका लावला आणि पुढच्या झाडाकडे निघाला. टेपचं टोक माझ्याच हातात होतं, म्हणून मीही निघालो. दुपारपर्यंत त्रेचाळीस झाडं झाली. तळहात खरचटले, त्यांना डिंकाचा वास येत होता. त्याने मला नाव विचारलं नाही, का आलात तेही नाही. निघताना म्हणाला, पुढच्या रविवारी ओढ्याकडची बाजू करायची आहे, एकट्याने होत नाही. मी येतो म्हणालो. अक्का, बोलून गेल्यावर माझ्या लक्षात आलं की आपण पुढचा रविवार कबूल करून बसलोय.

तेव्हापासून दर रविवारी जातो. सोमवार ते शनिवार अजून तसेच आहेत, खोटं नाही लिहीत. पण डोंगर चढून आलं की भूक लागते. आणि मागच्या खेपेला एका अवाढव्य झाडापाशी मी त्याच्याशी तिच्याबद्दल बोललो. त्या बाजूला तो, या बाजूला मी. बुंध्याआड तो दिसत नव्हता, म्हणून बोलता आलं. शेवटचा महिना, तिचं ते हळूहळू मिटत जाणं, सगळं. मग तो तिकडून म्हणाला, घाई नाही, फक्त टेप सोडू नका.

तू घाबरली असशील. माफ कर.

तुझा घुम्या

८ मार्च

चि. घुम्यास अनेक, अनेक आशीर्वाद.

पत्र उशाशी ठेवलंय. त्या गार्डला माझा नमस्कार सांग. कारण सांगू नकोस, त्याला उगीच अवघडल्यासारखं होईल.

पण ऐक. झाडं औषधाची चिठ्ठी देत नाहीत. या आठवड्यात मनाच्या डॉक्टरांकडे जा. बाईंना विचार, त्यांना कुणीतरी माहीत असेलच. आणि ते परत न येण्याचं पुन्हा मनात आलं तर वेळ-अवेळ न बघता मला फोन कर. बोलू नकोस हवं तर. तुझा श्वास ऐकत बसेन.

पाठीवर हात आहे असं समज.

अक्का

१९ एप्रिल

ती. अक्कास सा. न. वि. वि.

डॉक्टरांकडे जातोय. गोळ्या चालू आहेत, झोप लागते. डबा निम्मा संपतो.

झाडांची मोजणी संपली आणि गार्डची दुसऱ्या जंगलात बदली झाली. शेवटच्या रविवारी त्याने टेप गुंडाळून खिशात घातली, माझ्याकडे पाहून मान हलवली आणि उतारावरून गेला. बस्स. त्याचं नाव मला अजूनही माहीत नाही.

काल एकटाच गेलो. करायला काही नव्हतं. ऊन तापलेलं, पाचोळा एवढा वाळलेला की सरडा पळाला तरी माणूस आल्यासारखं वाटायचं. दोनदा वळून पाहिलं. कुणी नव्हतं. मग बसलो, आणि चौदा महिने... आता सोळा झाले... जे आलं नव्हतं ते आलं. मोठ्याने रडलो, अक्का. गुरासारखा हंबरलो. झाडांनी समजूत घातली नाही, गप्पही केलं नाही. सावली पायांवरून सरकून गेली तरी मी तिथेच होतो.

ती नाही, ते तसंच आहे. घरी आलो तर घरही तसंच होतं. पण काल पहिल्यांदा वाटलं, हे कुणाच्या तरी शेजारी बसून व्हायला हवं होतं.

बाईंकडे आठवड्याची रजा मागितली आहे. तुझ्याकडे येऊन राहू का? बोलेनच असं नाही.

तुझा घुम्या